वरच्या मजल्याचं भाडं

ब्रँडर, नेब्रास्का
१४ एप्रिल २०२५

ती. शरयूकाकू,

मायना कसा लिहायचा ते आठवत नाहीये. सातवीत अमरावतीची शाळा सुटली, आणि इकडे शुगर लँडला तर कोणी पत्रच लिहीत नव्हतं. तेव्हा वाकून नमस्कार केलाय असं समज आणि पुढे वाच.

मी ब्रँडरमध्ये आहे, तुमच्या जुन्या गावात. ओरडू नकोस. ज्ञानदाताईला सांगू नकोस. फोन केला तर ती तुला स्पीकरवर टाकायला लावते आणि मागून म्हणते, "आई, लेट इट गो." म्हणून कागदावर लिहितोय. टपालपेटी तू स्वतः उघडतेस, हे मला माहीत आहे.

काकाच्या दिवसांत तू स्वयंपाकघरात उभी राहून एकच वाक्य म्हणाली होतीस, "डेल ऑस्ट्रँडर अजून रात्री झोपत असेल." बाकी सगळे जेवायला बसले. मी ताट तसंच ठेवून उठलो. आईबाबांना वाटतं मी पुन्हा कॉलेजचं बघायला ऑस्टिनला गेलोय. मी व्हॅन काढली आणि सरळ उत्तरेला आलो.

सरळ म्हणजे तसा सरळ नाही. वाटेत प्लॅट नदीवर थांबलो. तिथे क्रौंच पक्षी उतरतात, हजारोंनी, तुला माहीतच असेल. बरेचसे उडून गेले होते, पण उरलेले एवढा गोंगाट करत होते की मी तिथेच राहिलो चार दिवस. मग पैसे संपले म्हणून एका माणसाची कुंपणं दुरुस्त केली. असो.

डेलची बँक बघितली. लाल विटांची, कोपऱ्यावरची, दारावर दगडात 'ऑस्ट्रँडर' कोरलेलं. आत सगळं बंद. काचेवर नोटीस आहे की सरकारी वसूलदार बँकेची राहिलेली मालमत्ता लिलावात काढणार आहे. आणि काकू, डेल कुठे राहतो सांगू? त्याच बँकेच्या माथ्यावर! वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्याचं तळ्याकाठचं घर ओमाहाच्या कुठल्याशा बँकेने घेतलं, कारण तिच्याकडून त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढलं होतं. तो आणि त्याची बायको लोर्ना आता वर राहतात. मी त्याला खिडकीत बघितलं. बनियनवर, दाढी करताना.

मी ठरवून आलोय. त्याच्या पिकअपच्या पेट्रोलच्या टाकीत साखर ओतायची, ही पहिली पायरी. पुढचं तू सांग.

तुझा,
कुश

ता. क. इथे एका कॅफेत कोलाचे नावाचा गोड पाव मिळतो, आत जर्दाळूचा गर. तू कधी सांगितलं नाहीस?


फ्रीमाँट
२२ एप्रिल २०२५

चि. कुश यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लगेच परत फिर. असं लिहायचं म्हणून लिहिलं, आता ऐक.

टाकीत साखर ओतून काही होत नाही. साखर पेट्रोलमध्ये विरघळतच नाही. तुझ्या काकाच्या दवाखान्याच्या गाडीत एकदा कोणीतरी ओतली होती, गाडी तशीच बर्फातून चाळीस मैल गेली. असले पोरखेळ करायचे असतील तर आत्ताच घरी जा.

तुला नीट माहीत नाही काय झालं ते. घरात सगळे "बँक बुडाली" एवढंच म्हणतात, जणू पाऊस पडला. बँक बुडाली तेव्हा गावातल्या एकाही ठेवीदाराचा एक पैसा गेला नाही. ठेवींना सरकारी विमा असतो. शुक्रवारी संध्याकाळी सरकारी माणसांनी दार लावलं, सोमवारी लिंकनच्या दुसऱ्या बँकेने तिथेच काउंटर उघडला. लोक चेक वटवून कॉफी प्यायला गेले. बुडाले ते फक्त शेअरवाले. आणि शेवटचा मोठा शेअरवाला कोण होता? गुरांचा डॉक्टर. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेला तुझा काका, संजीव.

बँक बंद व्हायच्या महिनाभर आधी डेल दवाखान्यात आला. म्हणाला, "डॉक, बँकेला थोडा खांदा हवाय. गावाची बँक आहे." यांनी निवृत्तीचं सगळं काढून शेअर घेतले. मी म्हटलं, अर्धे ठेवा. हे म्हणाले, "शरयू, ज्या गावात बावीस वर्षं गायी सोडवल्या ते गाव आपलंच नाही का."

दार लागायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, डेल आणि लोर्ना आमच्याकडे जेवायला होते. तेव्हा सरकारी माणसं शेजारच्या गावात लग्नाचं वऱ्हाड असल्याचं सांगून मोटेलमध्ये राहिली होती, आणि डेलला ते ठाऊक होतं. कढी त्याने दोनदा मागून घेतली. निघताना मी त्याला पुऱ्या बांधून दिल्या. त्याने त्या घेतल्या, कुश. माझ्या हातातून.

मग सहासष्टाव्या वर्षी यांनी पुन्हा रात्रीची कामं धरली. फेब्रुवारीत एका गोठ्यात, अडलेल्या गायीपाशी, गुडघ्यावर बसल्या बसल्या गेले. वासरू वाचलं असं त्या शेतकऱ्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

सगळं गाव आलं. घरून शिजवून आणलेली भांडी, ॲपल पाय, फुलं. डेल आला नाही. छापील कार्ड आलं, सही लोर्नाची.

म्हणून म्हणते, पोरखेळ नको. तू तिथे आहेसच तर डोळे उघडे ठेव. लिलाव कधी आहे ते कळव.

काकू

कोलाचे मला आवडत नाहीत. तुझ्या काकाला आवडायचे.


ब्रँडर
६ मे २०२५

ती. काकू,

तुझं पत्र मी व्हॅनमध्ये बसून दोनदा वाचलं. पुऱ्यांचं मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता बातम्या. मला नोकरी लागलीये! लिलाव करणाऱ्या माणसाला सामान उचलायला, पुसायला आणि चिठ्ठ्या चिकटवायला कोणीतरी हवं होतं. मी आडनाव सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. तर रोज मी बँकेतच असतो. डेलच्या खुर्चीवर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली. खुर्ची चांगली आहे. त्यावर बसून मी गोल फिरलो, एकदाच. बरं, दोनदा.

लिलाव शनिवारी, २१ जूनला, सकाळी दहा वाजता, बँकेच्याच हॉलमध्ये. आधी टेबलं-खुर्च्या, मग शेवटी इमारत. लिंकनवाल्यांना ही जुनी इमारत नको, त्यांनी काउंटर कधीच बंद केला आणि पेट्रोल पंपावर एटीएमचं खोकं बसवलं. इमारतीला किमान किंमत ठेवलेली नाही. जी शेवटची बोली येईल तिला जायची.

आणि काकू, गोड बातमी. गावाने डेलला वाळीत टाकलंय! कॅफेत मी सहज विचारलं, "तुम्ही कोणी इमारत घेणार का?" एक जण म्हणाला, "या गावातला कोणी त्या इमारतीवर हात वर करणार नाही." दुसरा म्हणाला, "करून तर बघू दे कोणाला." असे डोळे केले की मी कॉफी अर्धी सोडली. म्हणजे त्या जागेचं कोणाला तोंड बघायचं नाहीये. असा राग पाहिजे.

तिथेच व्हर्न नावाचे आजोबा भेटले. नव्वदीचे आहेत, कानात मशीन, पण बोलतात खणखणीत. त्यांनी मंदीतली गोष्ट सांगितली. १९३२ मध्ये या गावातली आधीची बँक बंद पडली. वसुलीसाठी राजधानीतून एक माणूस आला, त्याने शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद काढले आणि एकेकाची शेती, गुरं, चूलसुद्धा लिलावात काढली. व्हर्न यांच्या आजीच्या शेतीचाही लिलाव होता. तर आसपासचे सगळे शेतकरी येऊन अंगणात उभे राहिले. गोठ्याच्या तुळईला दोराचा फास टांगला आणि काही बोलले नाहीत. घोड्याला एक सेंट, नांगराला दोन सेंट. बाहेरगावच्या एकाने तोंड उघडलं, मग दोराकडे बघितलं आणि बंद केलं. सगळं मिळून पाच-सहा डॉलरला गेलं आणि संध्याकाळी त्यांनी ते सगळं आजीला परत दिलं. तो दोर अजून आहे, गावाच्या छोट्या म्युझियममध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. मी जाऊन बघितला. तिथे दोन तोंडांचं भुसा भरलेलं वासरूही आहे, त्याच्याकडेच जास्त वेळ बघत बसलो.

डेलला मी अजून काही केलेलं नाही. काल तो खाली आला आणि मला म्हणाला, "सन, कपाट एकट्याने उचलू नकोस, पाठ जाईल." दुसरं टोक त्याने धरलं. मी थँक्यू म्हटलं नाही!

कुश


फ्रीमाँट
१४ मे २०२५

चि. कुश,

तुला काहीच कळलेलं नाही.

त्यांनी डेलला वाळीत टाकलेलं नाही. ते डेलला वाचवतायत. व्हर्नने तुला आजीची गोष्ट सांगितली आणि तुला कॅफेतल्या माणसांचा अर्थ लागला नाही? कोणी हात वर करणार नाही म्हणजे एकच जण करणार. बहुतेक त्याची मुलगी टेस. इमारत तिला कवडीमोलाने मिळणार, आईबाप वर राहणार, दारावरचं नाव दारावरच राहणार.

का वाचवतात ते मी सांगते. डेलने या लोकांची कर्जं वर्षानुवर्षं ओढून धरली. कोणाचा ट्रॅक्टर उचलला नाही, कोणाची जमीन काढली नाही. देवमाणूस. बँक त्यामुळेच बुडाली, आणि ती बुडताना धरायला त्याने माझ्या नवऱ्याचा हात घेतला. त्यांची शेतं कोणाच्या पैशावर उभी आहेत? त्यांनी आमच्यासाठी कुठला दोर टांगला?

नीट विचारून घे. कोण बोलणार, किती बोलणार, बाहेरच्याला येता येतं का, पैसे कसे भरायचे.

जेवतोस ना वेळेवर?

काकू


ब्रँडर
२ जून २०२५

ती. काकू,

तू बरोबर होतीस. टेसने स्वतः सांगितलं.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. ती कर्नीला शाळेत शिकवते, दर शनिवार-रविवारी येते. कपाटं हलवताना ओळख झाली. मग तिने मला वर जेवायला बोलावलं. मी नाही म्हणणार होतो. खरंच. पण लोर्नाने मक्याच्या भाकरीसारखं काहीतरी केलं होतं आणि वास जिन्यात आला होता.

वर दोन खोल्या, एक मोरी. भिंतीला काकाचा फोटो आहे, काकू. मेंढीचं पिल्लू काखेत धरलेला. मी तो बघत उभा राहिलो तर डेल मागून म्हणाला, "तू दोरी बांधताना ओठ आवळतोस, डॉकसारखे. पहिल्याच दिवशी ओळखलं." मी म्हटलं, "मग हाकललं का नाही?" तर म्हणाला, "कशाला हाकलू? मला वाटलं तू मारायला आलायस. म्हटलं, मारेल तर बरं."

लोर्ना गोळ्या घेते, तिचे हात थरथरतात. मांजर एक आहे, आंधळं. मी त्याला जिन्यावरून उचलून नेतो. डेल रात्री झोपत नाही, काकू. तुला ते हवं होतं ना? तो हॉलमध्ये फेऱ्या मारतो, मी मागच्या खोलीत झोपतो, मला ऐकू येतं. मी त्याला विचारलं, काकाच्या वेळी का नाही आलास. म्हणाला, गाडी काढली होती, स्मशानाच्या फाटकापर्यंत गेलो, उतरता आलं नाही.

आता तुझे प्रश्न. बोली फक्त टेस लावणार, पन्नास डॉलर. कोणी बाहेरचा बोललाच तर तिच्याकडे गावाने वर्गणी काढून दिलेले साडेआठ हजार आहेत, त्याच्या वर एक पैसा नाही. व्हर्न दाराशी तो दोर मांडीवर घेऊन बसणार, गंमत म्हणून. बाहेरच्याला यायला बंदी नाही. सकाळी दारात नाव लिहून बोलीसाठी नंबरची पाटी घ्यायची, जिंकलं तर तिथेच बँकेचा चेक. हे सगळं बाहेर बोलायचं नाही असं टेसने माझ्याकडून वदवून घेतलंय. पण तू तिकडे फ्रीमाँटमध्ये ज्ञानदाताईकडे, तुला सांगून कोणाला कळणार?

मी रागावलेला नाही असं नाही. पण आता पुरे झालं असं वाटतं. त्यांच्याकडे त्या दोन खोल्यांशिवाय काही उरलेलं नाही. तूही सोड ना. ज्ञानदाताई म्हणते तसं नाही, तिला काय कळतंय. मी म्हणतो म्हणून सोड.

कुश


फ्रीमाँट
९ जून २०२५

चि. कुश,

सविस्तर लिहिलंस, फार बरं केलंस. प्रकृतीला जप. उन्हात टोपी घाल.

काकू


रॅपिड सिटी, साउथ डकोटा
२९ जून २०२५

काकू,

नमस्कार लिहिणार नव्हतो. सवयीने हात गेला, खोडला.

हे पत्र ब्रँडरला पाठवतोय. तू तिथेच राहिलीस असं ऐकलं.

मी तुला दारात बघितलं तेव्हा मला आनंद झाला. हे आधी सांगतो. काकाचं ते तपकिरी जाकीट, बाह्या दुमडलेल्या, हातात नंबरची पाटी. मला वाटलं, काकू समेट करायला आली. मी टेसला कोपराने खुणावलं, "दॅट्स हर, दॅट्स माय काकू." सगळ्या गावाने वळून बघितलं, टोप्या काढल्या. एक बाई तुला मिठी मारून रडली. तू तिच्या पाठीवर हात फिरवलास. मी बघत होतो.

टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. मग इमारत. टेस म्हणाली, पन्नास. आणि हॉल असा गप्प झाला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. लिलाववाल्यालाही माहीत होतं, तो हातोडी उचलतच होता. तू म्हणालीस, "एक हजार."

व्हर्नआजोबा उठले. दोर हातात तसाच. म्हणाले, "मॅम, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल आमच्याकडे हे कसं चालतं."

तू म्हणालीस, "ठाऊक आहे व्हर्न. तुमच्या कालवडीचा मोडलेला पाय माझ्याच गॅरेजमध्ये बांधला होता. बसा खाली, गुडघा दुखेल."

ते बसले, काकू! नव्वद वर्षांचा माणूस लहान मुलासारखा बसला. बाहेरच्याला दोर दाखवता येतो. तुला कोण दाखवणार?

टेस दोन हजार म्हणाली, तू चार. ती पाच, तू आठ. मग ती साडेआठ म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, आणि तू लगेच नऊ म्हणालीस. लगेच. जसं काही तुला आकडा माहीत होता. टेसने तुझ्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

मला माझी व्हॅन कुठे लावलीये तेही आठवेना. लोर्ना जिन्यात बसली होती, मांजर मांडीवर, आणि विचारत होती, "झालं का? आपल्याला मिळालं का?" तिला कोणी काही सांगत नव्हतं. मी तिच्या शेजारून निघून गेलो.

हे मी केलं. तू माझ्याकडून करून घेतलंस. "टोपी घाल" म्हणे.

काकाच्या विम्याचे पैसे ना ते? काकाने हे केलं असतं का?

त्यांना काढणार कधी, तेवढं कळव. मी येऊन सामान उतरवून देईन. त्यांच्याकडचं.

कुश


ब्रँडर
१५ जुलै २०२५

चि. कुश,

सामान उतरवायला येण्याची गरज नाही. ते वरच राहतायत.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी डेल खाली आला. मी हॉलमध्ये झाडत होते. तो म्हणाला, "शरयू, आम्हाला महिनाभर दे, जागा शोधतो." मी म्हटलं, "कशाला? राहा." तो म्हणाला, "भाडं काय घेशील?" मी म्हटलं, "काही नाही." त्याला ऐकू आलं नाही असं वाटून त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

मी खाली मागच्या खोलीत राहते, तू झोपायचास तिथे. पुढे डेलची केबिन होती तिथे खिडकीशी एक खुर्ची ठेवली आहे. दारावरचं नाव काढलेलं नाही. ज्ञानदा रोज फोन करून रडते, करू दे.

मांजराला आता मी नेते जिन्यावरून. पत्ता रॅपिड सिटीचाच का? तुला कायमचा पत्ता मिळेल तर देवच पावला.

काकू


ग्लेशियरजवळ, मोंटाना
४ ऑगस्ट २०२५

ती. काकू,

हे घे, नमस्कार लिहिला. साष्टांग. मी चुकलो.

तुझं पत्र इथे ट्रेलवर काम करणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवलं, इंग्रजीत करून. एक मोठा दाढीवाला माणूस रडला. टेसनेही मला मेसेज केला, पहिल्यांदाच. तिने लिहिलंय की चर्चच्या पत्रकात तुझं नाव आलं, लोर्ना रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, आणि गावातल्या बायका तुला संत म्हणतात. मी तुला काय काय बोललो. तू सगळं आधीच ठरवलेलं असणार, इमारत घ्यायची ती त्यांना देण्यासाठीच, म्हणजे उपकार गावाचा नाही, काकाचा होईल. बरोबर ना? मला हे कळायला मोंटाना लागलं.

इथलं काम संपलं की सप्टेंबरात येतो. कढी कर. डेललाही बोलव खाली, आपण सगळे जेवू. मी कोलाचे आणतो, येताना क्रौंच दिसले तर थोडा उशीर होईल, पण येतो.

तुझा,
कुश


ब्रँडर
१९ ऑगस्ट २०२५

चि. कुश,

तू मला संत म्हणतोस म्हणून हे लिहिते. बाकी कोणाला सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, पण या वेळी ठेव.

पहिल्या तारखेला डेल पाकीट घेऊन आला. भाडं. मी हात मागे घेतला. त्याने ते टेबलावर ठेवलं, मी ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होतं, मग त्याने उचललं. मग तो म्हणाला, छत गळतंय, मी दुरुस्त करतो. मी कर्नीहून माणसं आणून छत करून घेतलं. त्याने टोमॅटो लावले, टोपलीभर खाली आणून ठेवले. मी ते चर्चला पाठवले, डेलच्या नावाने. तो फरशी पुसायला उठतो त्याच्याआधी मी पुसलेली असते. या माणसाला काहीतरी देऊन टाकायचं आहे, कुश. एक टोमॅटो जरी मी घेतला तरी त्याला श्वास घेता येईल. मी घेत नाही.

वर जायला एकच जिना आहे, तो हॉलमधून जातो, आणि माझी खुर्ची तिथे आहे. तो येता-जाता म्हणतो, "मॉर्निंग, शरयू." मी हसते. वाईट एक शब्द मी त्याला बोललेले नाही. लोर्नाची औषधं मीच आणून देते. ती माझे हात धरते आणि माझ्यासाठी देवाचे आभार मानते, त्याच्यासमोर. तो भिंतीकडे बघतो.

मागच्या आठवड्यात त्याने टेसकडे कर्नीला जायचं काढलं. लोर्नाने साफ नाही म्हटलं. "तिने आपल्यासाठी एवढं केलं आणि आपण पाठ फिरवून जायचं? गाव काय म्हणेल?" गाव तेच म्हणेल. तेव्हा आता ते कुठे जाऊ शकत नाहीत. मला कुलूप लावावं लागलं नाही.

परवा तो खाली आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "शरयू, माझ्याकडून काहीतरी घे. काहीही. शिव्या दे." त्याचा सदरा मागून पँटबाहेर आला होता. फार म्हातारा दिसतो. मी म्हटलं, "डेल, तुझ्याकडून मला काही नको." तो तिथेच जिन्यावर बसून रडला. मी माझ्यापुरता चहा टाकला. एक कप. त्याच्यासमोर बसून प्यायले. गार होऊ दिला नाही.

हे काकाने केलं नसतं. तू विचारलंस ते बरोबर होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी पाकीट घेतलं असतं, डेलच्या खांद्यावर थोपटलं असतं आणि दोघे मासे पकडायला गेले असते. म्हणून तर गोठ्यात गेले.

मला वाटलं होतं एवढं झालं की मला झोप लागेल. रात्री तो वर फेऱ्या मारतो, मी खाली पडून ऐकते. दोघांना नाही लागत.

सप्टेंबरात तू येऊ नकोस. राग म्हणून सांगत नाही. तू आलास की कढी करावी लागेल, तू काहीतरी वेडंवाकडं बोलशील, मला हसू येईल, आणि तू त्याला वरून हाक मारशील, जेवायला या म्हणून. आणि तो येईल. आणि मी वाढेन. मला माहीत आहे, मी वाढेन.

अजून नाही. थंडी सरल्यावर बघू. तोवर जिथे असशील तिथे राहा.

काकू